दुकानातली रोजची कामं ऑटोमॅटिक करायचीत, सुरुवात कुठून? आधी एक वही घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीत इलेक्ट्रिकलचं होलसेल दुकान, तुम्ही धरून पाच माणसं, अडीचशेच्या आसपास रिटेलर आणि वायरमन पार्ट्या, बिलं टॅलीत म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, शटर ओढायला रात्रीचे दहा वाजतात आणि तरी वसुलीचे फोन राहूनच जातात. एकजण म्हणतो ईआरपी (सगळ्या कामांचं एकत्र सॉफ्टवेअर) घ्या, दुसरा म्हणतो आता एआय सगळं करतं. कोडिंग येत नाही, शिकत बसायला वेळ नाही, मग करायचं काय.

मी आधी बरीच वर्षं अकाउंटंट म्हणून टॅली बडवली आणि नंतर कोल्हापूर-सांगली पट्ट्यात छोट्या दुकानांना, वर्कशॉपना हीच कामं लावून द्यायला लागलो. त्यामुळं सरळ सांगतो, एक महिना काहीही विकत घेऊ नका. ईआरपी नको, ॲप नको, डेमोला कुणाला बोलवूही नका, कारण डेमोमध्ये सगळ्या पार्ट्यांची नावं नीट असतात, सगळी बिलं वेळेवर भरलेली असतात आणि तुमच्या दुकानात तसं नसतं, हे तुम्हालाही माहितीय.

पहिला आठवडा फक्त वही. वीस रुपयांची साधी वही काउंटरवर बांधून ठेवा आणि कुणीही तेच ते काम पुन्हा केलं की त्या कामापुढं एक रेघ मारायची. सगळ्यांनी, तुम्ही पण. बॅलन्स सांगितला, रेघ. बिलाचा फोटो परत पाठवला, रेघ. ट्रान्सपोर्टचा बिल्टी नंबर सांगितला, रेघ. रेट सांगितला, रेघ. शनिवारी मोजा. माझ्या अनुभवात मालकाला जे काम सगळ्यात त्रासाचं वाटत असतं ते पहिल्या नंबरला कधीच येत नाही. एका हार्डवेअरवाल्यांना खात्री होती की स्टॉक मोजण्यात सगळा वेळ जातो, म्हणून ते बारकोड मशिनचं कोटेशन घेऊन बसले होते. वहीत निघालं काय, तर त्यांचा अकाउंटंट दिवसात वीस-बावीस वेळा "माझं किती बाकी आहे ओ" ह्याचंच उत्तर देत होता, आणि प्रत्येक वेळी हातातली एंट्री सोडून लेजर (पार्टीचं खातं) उघडायचा, मग परत एंट्रीवर आला की कुठं होतो ते शोधायचा. बारकोड मशिन राहिलं बाजूला, दर सोमवारी पार्टीला स्टेटमेंट जायला लागलं आणि ते फोन बरेच कमी झाले.

वहीत रेघा जास्त असलेलं काम घ्यायचं, पण अजून एक गोष्ट बघायची, की त्यात डोकं लागतं का. उधारी द्यायची का नाही, जुन्या पार्टीला दोन टक्के जास्त सोडायचे का, माल परत घ्यायचा का, ही कामं मशीनला देऊ नका, त्याच्यासाठी तर तुम्ही गल्ल्यावर बसता. बघून लिहायचं, इथलं उचलून तिथं टाकायचं, तारीख आली की आठवण करायची, ह्यात डोकं लागत नाही आणि चुका मात्र माणसाकडून ह्याच कामात होतात, विशेषतः संध्याकाळी सातनंतर.

तुमच्याकडं वही काय सांगेल ते मी आत्ताच ओळखतो, येणं बाकी आणि वसुली. तेच धरून पुढं लिहितो, दुसरं काही निघालं तरी रस्ता साधारण हाच राहतो.

आता जे सांगतोय ते कंटाळवाणं आहे आणि सगळे हेच टाळतात. नावं. तुमच्या टॅलीत "श्री गणेश इलेक्ट्रिकल्स" किती वेळा आहे ते आज रात्री बघा. मी पैज लावून सांगतो, एक "श्री गणेश इलेक्ट्रिकल्स" असेल, एक "श्रीगणेश इलेक्ट्रिक", एक "गणेश इलेक्ट्रिकल विटा", एक नुसतंच "गणेश विटा" आणि एकाच्या शेवटी स्पेस पडलेली असेल जी डोळ्याला दिसत नाही पण कॉम्प्युटरला ती वेगळी पार्टी वाटते. माणूस हे सगळं मनातल्या मनात जोडतो, तुमचा जुना अकाउंटंट तर झोपेत जोडेल, म्हणूनच तो सुट्टीवर गेला की दुकान अडतं. मशीनला नाही जोडता येत. तिला गणेश विटा आणि गणेश इलेक्ट्रिकल्स ही दोन माणसं, एकाचं येणं, दुसऱ्याचं ॲडव्हान्स.

ह्याला उपाय असा की ओळख नावानं ठेवायचीच नाही, नंबरानं ठेवायची. जीएसटी असलेल्या पार्टीला जीएसटी नंबर, पंधरा आकडी-अक्षरी, पहिले दोन राज्याचे म्हणजे आपल्याकडं २७, पुढचे दहा म्हणजे पॅन. बेळगाव-निपाणीकडची पार्टी असेल तर २९ दिसेल, गोव्याची असेल तर ३०, तेवढ्यावरून एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात) लावायचा का आयजीएसटी (दुसऱ्या राज्यात) हे पण कळतं आणि चुकीची एंट्री पकडता येते. वायरमन लोकांकडं जीएसटी नसतो, त्यांना मोबाईल नंबर. मोबाईल दहा आकडीच ठेवा, कुठं शून्य लावून, कुठं ९१ लावून, कुठं मध्ये स्पेस टाकून, असं करू नका, नंतर सगळं ह्याच्यावरच चालणार आहे.

आयटमचं पण तेच. "१.५ वायर लाल", "वायर १.५ रेड", "१.५ स्क्वे. लाल ९० मी" ह्या तिन्ही एकाच कॉईलच्या तीन एंट्र्या असल्या तर टॅली बिचारी स्टॉक कुठून बरोबर दाखवणार. एक नियम ठरवा, आधी कंपनी, मग प्रकार, मग साईज, मग कलर, आणि तो कागद मॉनिटरच्या बाजूला चिकटवा. नवीन आयटम तयार करायचा अधिकार एकालाच ठेवा. ह्याला अडीचशे पार्ट्या आणि तुमच्यासारख्या दुकानाचे दीड-दोन हजार आयटम धरले तर रोज अर्धा-पाऊण तास असे तीन आठवडे जातात. जाऊ देत. ह्याचा फायदा कसा मिळतो ते सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा माझ्याकडं एक फरसाणवाले होते, पॅकिंगचा माल बाराचा पाच टक्क्यावर आला. त्यांनी आयटम ग्रुप नीट लावलेले होते, ग्रुपवर दर बदलला आणि सकाळी दुकान उघडायच्या आत मोकळे. तसेच दुसरे एक स्टेशनरीवाले, त्यांच्याकडं तर वह्या-पेन्सिली बारावरून शून्यावर आल्या होत्या आणि कंपासपेट्या पाचवर, पण दर प्रत्येक आयटममध्ये वेगवेगळ्या हातानं टाकलेला, एक वही चौदा नावांनी, ते चार दिवस हातानं बिलं करत होते आणि त्यातली काही परत दुरुस्त करावी लागली.

नावांनंतर दुसरं दुखणं, आणि हे नावांपेक्षा वाईट कारण ते लपून बसतं. टॅलीत पार्टीचं पेमेंट आलं की ते कुठल्या बिलापोटी आलं ते विचारतं, ॲगेन्स्ट रेफरन्स. घाईत अकाउंटंट काय करतो, ऑन अकाउंट, म्हणजे कुठल्याच बिलाला न जोडता, टाकून एंटर मारतो. लेजरचा एकूण बॅलन्स बरोबर येतो, त्यामुळं कुणाला काही वाटत नाही. पण बिलवार यादी काढली की दोन वर्षांपूर्वीची बिलं उघडी दिसतात आणि खाली एका ओळीत मोठी रक्कम ऑन अकाउंट म्हणून जमा. आता ह्या यादीवर तुम्ही ऑटोमॅटिक मेसेज लावला तर पार्टीला जाणार काय, "तुमचं ७४० दिवसांपूर्वीचं बिल बाकी आहे". आणि ती पार्टी नेमकी तुमची सगळ्यात चोख पैसे देणारी असणार. म्हणून आधी जुनं ऑन अकाउंट बिलांना जोडून घ्या, आणि आजपासून रिसीट टाकताना बिल निवडल्याशिवाय एंटर नाही. पार्टीनं राउंड रक्कम पाठवली, समजा ५०,०००, तर जुन्यातल्या जुन्या बिलापासून खाली उतरत जायचं. वाद आला तर बघू, पण नियम एक.

त्याच वेळी प्रत्येक पार्टीच्या लेजरमध्ये क्रेडिट पिरियड टाकून घ्या. कुणाला ३० दिवस, कुणाला ४५, वायरमनला ७. हे तुमच्या डोक्यात आहे, टॅलीच्या नाही. तुमच्या भागात ऊसबिलं निघाली, हळदीचे पैसे आले की गावातला रिटेलर पैसे देतो हे तुम्ही जाणता, अशा पार्ट्यांना ३० दिवस लिहून दर आठवड्याला टोचत राहण्यात अर्थ नाही, त्यांना खरे दिवसच लिहा.

एवढं झालं की मग खरं ऑटोमेशन, आणि ते ऐकून तुम्हाला हसू येईल इतकं साधं आहे. आधी टॅलीतच बघा काय आहे ते. आउटस्टँडिंगमध्ये रिसिव्हेबल्स (येणं बाकी) आहे, दिवसांप्रमाणं फोड करून दाखवतं, रिमाइंडर लेटर काढायची सोय पण कित्येक वर्षांपासून आहे, स्टॉकमध्ये रिऑर्डर लेव्हल लावायची सोय आहे. ज्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेत ते उघडून बघितलेलं नसतं आणि तेच नवीन ॲपमध्ये विकत घेतलं जातं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता बोलत पण नाही.

आता गुगल शीट. एक फाईल, तीन पानं. पहिलं पान "येणं", ह्यात दर सोमवारी सकाळी टॅलीतून बिलवार रिसिव्हेबल्सची यादी एक्सेलमध्ये काढून जशीच्या तशी पेस्ट करायची, हातानं एक अक्षर बदलायचं नाही. दुसरं पान "पार्टी", ह्यात नाव, जीएसटी, मोबाईल, कुणाशी बोलायचं त्याचं नाव (अण्णा, दादा, वहिनी जे तुम्ही म्हणता ते), आणि एक महत्त्वाचा कॉलम, त्याचं नाव "थांबा". तिसरं पान "आज". ह्यात फॉर्म्युला. आजची तारीख वजा बिलाची ड्यू तारीख, उत्तर शून्याच्या वर असेल आणि "थांबा" रिकामं असेल तरच ती ओळ इथं दिसणार. व्हीलुकअप ह्या फॉर्म्युल्यानं मोबाईल आणि नाव "पार्टी" पानावरून येणार. तीन फॉर्म्युले फक्त. जमत नसेल तर कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा अर्ध्या दिवसात करून देईल, किंवा एआयला मराठीत सांगा, फॉर्म्युला लिहून देतं, तेवढं ते चांगलंच करतं.

शेवटच्या कॉलममध्ये एक लिंक तयार करायची. व्हॉट्सॲपची अशी लिंक असते, डब्ल्यूए डॉट मी, त्यापुढं ९१ लावून मोबाईल नंबर आणि त्यापुढं मेसेज. शीटमध्ये हायपरलिंकच्या फॉर्म्युल्यानं प्रत्येक ओळीची लिंक आपोआप बनते. तिच्यावर क्लिक केलं की त्या पार्टीचं चॅट उघडतं आणि मेसेज टाईप होऊन तयार असतो, असा काहीतरी,

"नमस्कार अण्णा, बिल नं. ४१२, दि. ६ जून, रु. १८,४५० येणं दिसतंय. पाठवलं असेल तर यूटीआर टाका, लगेच नोंद करून घेतो."

पाठवायचं बटण माणूस दाबणार. हे मुद्दाम तसं ठेवायचं, त्यावर खाली बोलतो. एका क्लिकला पाच-सहा सेकंद, चाळीस पार्ट्या म्हणजे चार मिनिटं. आधी हेच काम तुम्ही फोन करून, लेजर उघडून, आकडा वाचून दाखवून दोन-अडीच तासात करत होता आणि बऱ्याचदा करतच नव्हता.

मेसेजमधलं "पाठवलं असेल तर" हे वाक्य काढू नका. त्यानं पार्टीचा मान राहतो आणि तुमचीही चूक झाकली जाते, कारण शनिवारी रात्री यूपीआयनं आलेलं पेमेंट सोमवारी सकाळी टॅलीत असेलच असं नाही. यूटीआर म्हणजे पेमेंटचा नंबर, तो मागितला की यूपीआयचा बारा आकडी नंबर येतो, तो बँक स्टेटमेंटमध्ये शोधला की काम झालं, "मी पाठवलेत हो" "नाही आले हो" हा संवाद संपतो.

बटण माणसानं का दाबायचं, तर माझीच गोष्ट सांगतो. एका दुकानाला मी सगळं आपोआप लावून दिलं होतं, दर सोमवारी सकाळी नऊ वाजता बाकी असलेल्या सगळ्यांना एसएमएस. स्वतःवर खूष होतो. चार महिने छान चाललं. २४ ऑक्टोबर २०२२ ला सोमवार होता, आणि लक्ष्मीपूजन होतं. ज्या दिवशी व्यापारी घरातून रुपया बाहेर काढत नाही, संध्याकाळी चोपडीपूजन, त्या दिवशी सकाळी नऊ वाजता सत्तरेक व्यापाऱ्यांना मेसेज गेला की तुमची रक्कम थकीत आहे, त्वरित भरणा करावा. त्वरित भरणा करावा हे शब्द पण माझेच. त्यात एक पार्टी अशी की आदल्या आठवड्यात त्यांच्या घरी वडील वारले होते, दुकानाचे मालक स्वतः भेटून आले होते, आणि मशीननं मेसेज पाठवला त्या वारलेल्या माणसाच्या नावानं. मालकांनी मला फोनवर एक शब्द वाईट बोलला नाही, फक्त म्हणाले, "आज काय वार आहे माहितीय का साहेब?" दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं, पाडवा बुधवारी, तोपर्यंत मी आणि ते मिळून एकेकाला फोन करत बसलो होतो.

म्हणून तो "थांबा" कॉलम. घरात काही झालंय, थांबा. मालावरून वाद चालू आहे, थांबा. चेक दिलाय, क्लिअर व्हायचाय, थांबा. मालक स्वतः बोलणार, थांबा. तिथं तारीख लिहायची, नुसतं हो लिहिलं तर ते वर्षभर तसंच राहतं आणि त्या पार्टीला कुणीच काही विचारत नाही, हा पण अनुभव आहे. आणि दुसरं, सणाच्या तारखांची एक छोटी यादी त्याच शीटमध्ये, त्या दिवशी "आज" पान रिकामंच दिसायला पाहिजे.

पेस्ट करताना तारखेकडं मात्र लक्ष द्या. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०३-०५ म्हणजे तीन मे न धरता पाच मार्च धरतं, बिल दोन महिने जुनं होऊन बसतं आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र नुसत्या अक्षरं म्हणून पडून राहतात, त्यांची वजाबाकीच होत नाही. पहिल्यांदा पेस्ट केल्यावर दहा ओळी डोळ्यानं टॅलीशी ताडून बघा. बारकोडवाल्यांचं पण असंच, ८९० नं सुरू होणारा तेरा आकडी नंबर एक्सेल आखडून टाकतं, कॉलम आधी टेक्स्ट करून मग पेस्ट करायचा.

ऑर्डरींचं काय. तुम्ही विचारलंय की गुगल फॉर्म देऊ का पार्ट्यांना. देऊन बघा, पण माझ्या बघण्यात तासगावचा रिटेलर फॉर्म भरत नाही, तो काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना व्हॉइस मेसेज टाकतो, "भाऊ दोन पेटी त्या मागच्या वेळच्या, आणि बॉक्स पाठवा". त्याची सवय बदलायला जाऊ नका, तो दुसऱ्या दुकानाकडं जाईल. फॉर्म द्यायचा तर तुमच्या सेल्समनला द्या, तो गाडीवर फिरतो, त्यानं पार्टी ड्रॉपडाऊनमधून निवडायची, आयटम ड्रॉपडाऊनमधून, नग टाकायचे, तो गावातून निघायच्या आत ऑर्डर शीटमध्ये दुकानात दिसते आणि माल काढायला घेता येतो. ड्रॉपडाऊन म्हणजे तीच साफ केलेली नावं, म्हणून आधी ती कटकट.

व्हॉट्सॲप बिझनेसचं साधं फुकट ॲप २०१८ पासून आहे, त्यातले क्विक रिप्लाय लावून घ्या, बँक डिटेल, दुकानाची वेळ, ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर, स्लॅश दाबून दोन अक्षरं टाकली की पूर्ण मजकूर येतो. रात्री नऊनंतर अवे मेसेज, "ऑर्डर मिळाली, सकाळी दहाला कळवतो". लेबलं लावा, नवीन ऑर्डर, माल गेला, पेमेंट बाकी. एवढ्यानं सुद्धा काउंटरवरच्या मुलाचं डोकं शांत होतं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात पण मेसेज त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, हे लक्षात ठेवा, नाहीतर म्हणाल रेटलिस्ट पाठवली आणि निम्म्यांना पोचलीच नाही. आणि ते "हजार मेसेज एका क्लिकमध्ये" वालं सॉफ्टवेअर कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलं तर घेऊ नका. नंबर ब्लॉक होतो, आणि ज्या नंबरवर तुमचा वीस वर्षांचा धंदा आहे तो नंबर गेला म्हणजे काय होतं ते मला सांगायला नको. जास्तच मेसेज पाठवायचे झाले तर व्हॉट्सॲपची अधिकृत बिझनेस सेवा आहे, त्यात मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि मेसेजमागे पैसे पडतात. एसएमएसला पण डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) हेडर आणि टेम्प्लेट नोंदवावं लागतं. अडीचशे पार्ट्यांना सध्या ह्यातलं काही नको.

जीएसटीचं थोडक्यात. तारखा कॅलेंडरमध्ये रिपीट लावून टाका, सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), पंधरा पीएफ-ईएसआय लागू असेल तर, वीसला जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न), तुम्ही तिमाहीत असाल तर सीएकडून तुमच्या तारखा घ्या. चौदा तारखेला २बी (सप्लायरनी दाखवलेल्या तुमच्या खरेदीच्या बिलांची यादी) तयार होतं, त्या दिवशी ते उतरवून खरेदीशी जुळवायचं काम लावा, जीएसटी नंबर आणि बिल नंबरवर. सप्लायरनं बिल दाखवलं नसेल तर त्या महिन्यात खरेदीवरच्या कराचं क्रेडिट गेलंच, पण चौदालाच कळलं तर फोन करून पुढच्या महिन्यात तरी ते दाखवून घेता येतं. बिल नंबर खरेदीत टाकताना त्याच्या बिलावर आहे तसाच टाका, त्यातली तिरकी रेघ, शून्य, सगळं. आमच्याकडं निम्मी जुळणी फक्त ह्या तिरक्या रेघेमुळं अडायची.

हो, आणि "येणं" चं जे शीट केलं तेच उलटं करून "देणं" चं करा. तुम्ही एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराकडून मेटल बॉक्स वगैरे घेत असाल आणि तो सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला असेल, तर त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर २०२३-२४ पासून तो खर्च त्या वर्षी आयकरात धरत नाहीत, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरतात. मार्चमध्ये सीए हे सांगतो तेव्हा उशीर झालेला असतो. शीटमध्ये सप्लायरपुढं "लघु" असा एक कॉलम आणि ३५ व्या दिवशी लाल, बास. करार नसलेल्यांना १० व्या दिवशी.

एआयबद्दल विचारलंत म्हणून, हातानं लिहिलेल्या ऑर्डरीचा फोटो टाकून यादी बनवून घेणं आता बऱ्यापैकी जमतं, पण आपल्या वायरमन लोकांचं अक्षर आणि "६ए" आणि "१६ए" ह्यात ते चुकतं, आणि सहा अँपियरच्या जागी सोळाचे स्विच गेले की परतीचं भाडं तुमचं. त्यामुळं यादी त्यानं करावी, माल काढायच्या आधी माणसानं मूळ फोटोशी ताडावी. पार्ट्यांची पूर्ण यादी, बाकी, मोबाईलसकट कुठल्या तरी फुकटच्या साईटवर चढवू नका, ती यादी म्हणजे तुमचा धंदा आहे.

आता जो विषय कुणी प्रश्नात लिहीत नाही, तुमचा अकाउंटंट. तुम्ही हे सुरू केलं की त्याला पहिल्यांदा वाटणार की आपली नोकरी चालली. तो तोंडानं काही बोलणार नाही, फक्त सोमवारी यादी काढायला विसरेल, मग सिस्टीम चालत नाही म्हणेल. त्याला पहिल्या दिवसापासून धरून करा, वहीतल्या रेघा त्याच्याकडूनच मोजून घ्या, "थांबा" कॉलम त्याच्या ताब्यात द्या कारण कुठल्या पार्टीचं काय चाललंय हे त्याला तुमच्याइतकंच माहिती असतं. माझ्या एका ठिकाणी तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा विरोध केला, आणि नंतर त्यांनीच सुचवलं की सोमवारऐवजी मंगळवारी पाठवा, सोमवारी पार्टी स्वतः माल भरायला बाहेर असते, फोन बघत नाही. मी किती पण फॉर्म्युले लिहिले असते तरी मला हे सुचलं नसतं.

आणि शीट चालू झालं की एका कागदावर हातानं लिहून ठेवा, यादी कुठून काढायची, कुठं पेस्ट करायची, पासवर्ड कुठंय, बंद पडलं तर जुन्या पद्धतीनं कसं करायचं. फाईल दुकानाच्या जीमेलवर ठेवा, करून देणाऱ्या पोराच्या नाही, तो उद्या पुण्याला नोकरीला लागतो आणि तुमची शीट त्याच्याबरोबर हिंजवडीला जाते. टॅलीचा बॅकअप रोज, आणि आठवड्यातून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा, नुसती पेनड्राइव्हवर फाईल दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नाही.

गुगल शीट स्वतःहून काही ठराविक वेळी करेल असं पण लावता येतं, ॲप्स स्क्रिप्ट म्हणतात, साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला शंभर जणांना मेल जातात. माझं मत, पहिले तीन महिने फक्त एकच मेल लावा, तो पार्टीला नाही, तुम्हालाच. रोज सकाळी साडेआठला, काल किती जमा, सगळ्यात जुनी पाच येणी कुठली, "थांबा" ची तारीख कुणाची उलटून गेली. एवढं चहाबरोबर वाचलं की दुकानात गेल्यावर पहिला फोन कुणाला करायचा ते ठरलेलं असतं.

खर्च म्हणाल तर वही, एका पोराचे दोन-तीन हजार, आणि तुमचे महिनाभर रोजचे पाऊण तास. नावं साफ करायला बसाल तेव्हा अ पासून सुरू करू नका, गेल्या तीन महिन्यात ज्यांची बिलं झाली त्यांच्यापासून करा, अडीचशेतल्या शंभरेक निघतील, बाकीच्या पडून राहिल्या तरी दुकान अडत नाही. वहीचा पहिला आठवडा झाला की सगळ्यात जास्त रेघांचं काम कुठलं निघालं ते लिहा, वसुली सोडून दुसरंच काही निघालं तर शीटची पानं वेगळी लागतील, ती कशी करायची ते सांगतो.